ठसा पोलादाचा, ठसा प्रकाशाचा

विद्यार्थी मित्रांनो, आज शाळेतून घरी गेलात की आईकडून किंवा आजीकडून दोन वस्तू मागून घ्या. पहिली वस्तू म्हणजे नक्षीचा एखादा दागिना. तो सोन्याचाच हवा असे नाही, पितळेवर मुलामा दिलेला असला तरी चालेल. दुसरी वस्तू म्हणजे घरातला जुन्यात जुना फोटो.

आधी दागिना भिंगाखाली धरा. समजा तो पानांचा हार आहे. त्यातली दोन-चार पाने एकमेकांशी ताडून पाहा. प्रत्येक पानाच्या शिरा सारख्या, कडेची दाती सारखी, टोकाचा बाकही तोच. एकेक पान वेगळे कोरले असते, तर ती इतकी हुबेहूब निघाली असती का?

आता फोटो पाहा. पणजीच्या गळ्यात असाच एखादा दागिना दिसेल. पण कागद पिवळा पडला आहे, मधोमध दुमडीची रेघ गेली आहे आणि पणजीच्या नाकाजवळ एक पांढरा ठिपका आहे. हा ठिपका नथीचा मोती आहे, की कागदावरचा रंग उडून पडलेला डाग?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोनाराच्या दुकानामागे दडलेले आहे, तर दुसऱ्याचे संगणकाच्या पोटात. निदान वरवर पाहता तसे वाटते. पण दोन्ही गोष्टींचा पाया एकच आहे. त्याला आपण मराठीत साधा शब्द वापरतो : ठसा.

वाढवणचे डायमेकर

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात, अरबी समुद्राच्या काठी, वाढवण नावाचे गाव आहे. पश्चिम रेल्वेच्या वाणगाव स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने गेले की हा पट्टा लागतो. खडकाळ किनारा, कोळ्यांच्या होड्या, शेती आणि वाड्या अशी इथली ओळख आहे. पण वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत आणखी एक धंदा घरोघरी चालत आला आहे. तो म्हणजे डायमेकिंग. दागिन्यांची नक्षी ज्या पोलादी ठशांवरून उठवतात, ते ठसे कोरण्याचा हा धंदा. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नी आणि हातोडीने नक्षी कोरायची, भिंगातून पाहायची, पुन्हा कोरायची. इथले ठसे मुंबईच्या आणि इतर शहरांच्या सोनारांकडे जातात. ज्या पाटल्या आणि हार आपण दुकानाच्या काचेत पाहतो, त्यांच्या नक्षीमागे असा एखादा खेड्यातला हात असू शकतो. मात्र दागिन्यावर त्याचे नाव कुठेच नसते.

ठसा काम कसे करतो, हे वाचून समजण्यापेक्षा करून समजणे सोपे.

करून पाहा. शाडूची माती भिजवून तिचा चपटा गोळा करा. त्यात एक नाणे दाबा आणि अलगद काढून घ्या. मातीत नाण्याची नक्षी उलटी उमटेल. नाण्यावर जे वर आलेले होते ते मातीत खोल गेले, आणि अक्षरे आरशातल्यासारखी उजवीकडून डावीकडे झाली. हा तुमचा ठसा. तो सावलीत नीट वाळवा. आता चॉकलेटवरची पातळ चांदी घ्या, ठशावर ठेवा आणि कापसाच्या बोळ्याने हळूहळू दाबा. चांदी उचलून उलटी करा. नाणे पुन्हा हजर! अक्षरेही सुलटी. एका ठशावर अशी दहा नाणी काढलीत तर दहाही सारखी निघतील. हारातली पाने सारखी का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

सोन्याच्या बाबतीत हे विशेष चांगले जमते, कारण सोन्याइतका वर्धनीय धातू दुसरा नाही. एक ग्रॅम सोने ठोकून ठोकून सुमारे एक चौरस मीटर पसरवता येते. तेव्हा पातळ पत्रा न फाटता ठशाच्या खोल खाचांत उतरतो. पत्र्याचा दागिना आतून पोकळ राहतो. सोने थोडे लागते आणि दागिना मात्र भरीव दिसतो. म्हणजे ठसा ही केवळ शोभेची गोष्ट नाही. बेताची ऐपत असलेल्या घरालाही नक्षीचा दागिना परवडतो, तो या ठशामुळे.

पण इथे एक अडचण आहे. पोलाद मऊ असेल तर शे-दोनशे ठोके खाऊन नक्षी बोथट होईल, आणि कडक असेल तर छिन्नी चालणार नाही. मग कारागीर काय करतो? तो एकाच पोलादाला दोन्ही गुण देतो, पण वेगवेगळ्या वेळी. पोलाद तापवून सावकाश निवू दिले की ते मऊ होते. अशा मऊ पोलादावर नक्षी कोरतात. कोरून झाल्यावर ठसा लालभडक तापवतात आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतात. आपल्याकडे याला पोलादाला पाणी देणे म्हणतात. पोलादात लोखंडाच्या जोडीला थोडा कार्बन असतो. सावकाश निवताना कार्बनचे अणू आपापल्या जागी जाऊन बसतात. एकदम निवताना त्यांना तेवढा अवधी मिळत नाही. ते लोखंडाच्या जाळीत अडकून पडतात, जाळी ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण, पण काहीसे ठिसूळ होते. ठिसूळपणा कमी करायला ते पुन्हा थोडेसेच तापवतात. किती तापवायचे, हे पूर्वी पोलादावर उमटणाऱ्या गवती, तपकिरी, जांभळ्या छटांवरून ओळखत. हे रसायनशास्त्र शाळेत शिकवण्याच्या कितीतरी आधी लोहारांना ठाऊक होते. त्यांच्यापाशी सूत्रे नव्हती, नजर होती.

नक्षीचे आकडे होतात

आता या धंद्यात संगणक आला आहे. पडद्यावर नक्षी काढायची, आणि ती यंत्राकडे पाठवली की यंत्र पोलाद कोरते. पण यंत्राला पान म्हणजे काय हे कळत नाही. त्याला कळतात फक्त आकडे. तेव्हा पानाचे आकडे करावे लागतात.

समजा नक्षी ४ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद आहे. तिच्यावर ०.०५ मिलिमीटरच्या चौकटींची जाळी टाका. लांबीत ८०० आणि रुंदीत ६०० चौकटी बसतील, म्हणजे एकूण ४,८०,०००. प्रत्येक चौकटीत एक आकडा लिहा : इथे पृष्ठभाग किती खोल आहे. झाली नक्षीची यादी! यंत्राचे फिरते हत्यार या यादीप्रमाणे वर-खाली होत पोलाद कापत जाते. उलटी नक्षी हवी असेल तर प्रत्येक ओळीतले आकडे उलट्या क्रमाने वाचायचे. मोठी हवी असेल तर चौकटीचे माप वाढवायचे. ज्या कामाला कारागिराचा दिवस मोडतो, ते काम क्षणात होते.

कारागिरी आणि आकडे यांची ही गाठ नवी मात्र नाही. फ्रान्समध्ये जोझेफ जाकार याने १८०४ साली असा माग तयार केला, की ज्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून कापडाची नक्षी ठरत असे. भोक असेल तर धागा उचलला जाई, नसेल तर नाही. असणे आणि नसणे, एक आणि शून्य! पुढे गणनयंत्रांना हीच पुठ्ठ्याची युक्ती उपयोगी पडली. म्हणजे विणकराने संगणकाला वाट दाखवली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

मग हाताचे काम संपले का? एक छोटे गणित करून पाहू. यंत्राचे हत्यार गोल फिरते. समजा त्याच्या टोकाचा व्यास ०.५ मिलिमीटर आहे, म्हणजे त्रिज्या ०.२५. आता या गोल हत्याराने चौकोनी खाचेचा आतला कोपरा कापायचा आहे. वर्तुळ कोपऱ्यात पूर्ण शिरू शकत नाही, थोडा भाग शिल्लक राहतो. वर्तुळाच्या मध्यापासून कोपऱ्याचे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने ०.२५ × १.४१४ म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर. त्यातून त्रिज्या वजा केली की ०.१० मिलिमीटर उरले. एवढा कोपरा न कापलेला राहिला. फार नाही, पण पानाच्या शिरा जिथे देठाला मिळतात तिथे डोळ्याला तो बोथटपणा जाणवतो. टोकदार हत्यारे, विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजवणे असे उपाय यंत्रवाल्यांकडेही आहेत. परंतु हत्यार जितके बारीक तितका वेळ अधिक, आणि ते मोडण्याची भीतीही अधिक. हाताने धरलेली छिन्नी मात्र त्या कोपऱ्यात एका ठोक्यात तीक्ष्ण रेघ काढते. म्हणून कोपरा आणि कड यांच्या बाबतीत हाताला आजही काम आहे. पण कुठे ठोकायचे हे ओळखायला लागणारी नजर वर्षानुवर्षे बसल्यावर येते. ती शिकणारे कमी झाले तर ती यादीत उतरवून ठेवता येत नाही, हा खरा काळजीचा मुद्दा आहे.

वारली चित्राचे दहा आकडे

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांची दुसरी ओळख म्हणजे वारली चित्रे. लग्नाच्या वेळी सवाशिणी शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली आणि जगभर नेली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते वारले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले.

वारली माणूस कसा काढतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. वरचा छातीचा, खालचा कमरेचा. संगणकाला हा माणूस सांगायचा तर लाखो चौकटींची गरज नाही. दोन त्रिकोणांचे सहा बिंदू, पण एक टोक सामाईक, म्हणून पाच. आलेखाच्या कागदावर प्रत्येक बिंदूला दोन आकडे, म्हणजे धड सांगायला अवघे दहा आकडे पुरतात. माणूस दहापट मोठा करायचा असेल तर या दहा आकड्यांना दहाने गुणा. कडा जराही फाटणार नाहीत. चौकटींचे चित्र मात्र मोठे केले की पायऱ्या-पायऱ्यांचे दिसू लागते. संगणकावर चित्र ठेवण्याच्या या दोन मुख्य पद्धती आहेत : एक बिंदू-रेषांची, दुसरी चौकटींची. ठरावीक आकारांसाठी पहिली सोयीची. ज्याचे सूत्र मांडता येत नाही त्याच्यासाठी दुसरी.

मात्र दहा आकड्यांत सगळे आले असे समजू नका. बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या कुंचल्यातून पिठाची रेघ कुठे जाड, कुठे बारीक उतरते. खरे चित्र आणि पिशवीवर छापलेले चित्र शेजारी ठेवा. छापलेल्यात सगळी माणसे एकाच ठशातून काढलेली असतात. हाताच्या चित्रातल्या तारपा नाचात प्रत्येक जण थोडा वेगळा वाकलेला असतो.

प्रकाशाचा ठसा

आता दुसऱ्या वस्तूकडे, म्हणजे फोटोकडे वळू. जुना काळा-पांढरा फोटो हादेखील ठसाच आहे. फरक इतकाच की तो प्रकाशाने उमटवलेला असतो.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या चांदीच्या क्षारांचे कण पसरलेले असतात. प्रकाश पडला की त्या कणांत सूक्ष्म बदल होतो. फिल्म डेव्हलपर नावाच्या द्रावणात बुडवली, की प्रकाश लागलेल्या कणांची शुद्ध चांदी बनते. ती इतकी बारीक असते की चकाकत नाही, काळी दिसते. उरलेले क्षार हायपोच्या द्रावणाने विरघळवून काढतात. म्हणजे जिथे प्रकाश जास्त तिथे काळे आणि जिथे कमी तिथे पारदर्शक. पणजीचे पांढरे लुगडे निगेटिव्हवर काळे दिसते, ते यामुळे. निगेटिव्हमधून प्रकाश टाकून कागदावर पुन्हा हीच क्रिया केली की उलट्याचे सुलट होते. मातीत खोल गेलेले नाणे चांदीच्या कागदावर पुन्हा वर आले, तसेच हे. आणि एका निगेटिव्हवरून कितीही फोटो काढता येतात, एका ठशावरून कितीही पाने निघतात त्याप्रमाणे.

मग हा ठसा पुसट का होतो? छपाईच्या वेळी फोटो पाण्यात पुरेसा धुतला नसेल तर हायपो कागदात राहतो. त्यातले गंधकाचे अणू वर्षानुवर्षे चांदीशी संयोग पावतात आणि पिवळट तपकिरी सिल्व्हर सल्फाइड तयार होते. घरातली चांदीची भांडी काळवंडतात, तिचाच हा भाऊ. किनाऱ्यावरच्या घरांत आणखी एक शत्रू आहे, ओलावा. जिलेटिन हा प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला पदार्थ असल्यामुळे पावसाळ्यातली बुरशी त्यावर आनंदाने वाढते. फ्रेममधल्या काचेला ओलसर जिलेटिन चिकटून बसते. असा फोटो ओढून काढू नका, चित्राचा थर काचेवरच राहील. काचेसकटच त्याची प्रत घ्यावी.

रंगीत फोटोंची गोष्ट निराळी. त्यांत शेवटी चांदी राहत नाही. पिवळा, किरमिजी आणि निळसर हिरवा असे तीन रंग राहतात. जुन्या छपाईत निळसर हिरवा रंग बहुधा आधी उडतो. हा रंग तांबड्या प्रकाशाला शोषून घेत असे. तोच गेला म्हणून तांबडा प्रकाश जास्त परततो, आणि जुन्या रंगीत फोटोंतली माणसे होळी खेळून आल्यासारखी लालसर दिसतात.

चौकटीतले गणित

फोटो दुरुस्त करायचा तर त्याचेही आकडे करावे लागतात. स्कॅनर फोटोवर जाळी टाकतो आणि प्रत्येक चौकटीचा उजेड मोजतो. काळ्याकुट्टाला ०, पांढऱ्याशुभ्राला २५५, अधल्यामधल्या छटांना मधले आकडे. अशा एका चौकटीला पिक्सेल म्हणजे चित्रबिंदू म्हणतात. अमेरिकेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली पहिल्यांदा एक छायाचित्र असे संगणकात घातले. ते होते कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे. चित्रात १७६ × १७६ म्हणजे ३०,९७६ चौकटी होत्या. तुमचा ३ इंच × २ इंचाचा फोटो आज इंचाला ६०० बिंदू धरून स्कॅन केला तर १,८०० × १,२०० म्हणजे २१,६०,००० चौकटी मिळतात.

आकडे हाती आले की दुरुस्ती म्हणजे अंकगणित. समजा फोटो इतका फिकट झाला आहे की त्यातला सर्वांत काळा भाग ९० वर आणि सर्वांत पांढरा १७० वर आला आहे. प्रत्येक आकड्यातून ९० वजा करा, उरलेल्याला २५५ ने गुणा आणि ८० ने भागा. ९० चे ० होईल, १७० चे २५५ आणि मधल्या १३० चे सुमारे १२८. चेहरे एकदम उठून दिसतील. पण लक्षात ठेवा, आधी ९० ते १७० मध्ये ८१ छटा होत्या आणि ताणल्यावरही ८१ च आहेत. जी छटा कागदावरून गेली ती गणिताने परत आली नाही.

आता डाग काढू. चौकटींचा हा छोटा तुकडा पाहा :

११८, १२०, १२१
११९, २५५, १२२
१२०, १२१, १२३

मधली चौकट उघडच बिघडलेली आहे. तिच्या जागी काय घालावे? नऊ आकड्यांची सरासरी काढाल तर बेरीज १,२१९, भागिले ९, म्हणजे सुमारे १३५. डाग फिका झाला, पण गेला नाही, कारण २५५ ने सरासरी वर ओढली. आता दुसरी रीत. नऊ आकडे चढत्या क्रमाने मांडा : ११८, ११९, १२०, १२०, १२१, १२१, १२२, १२३, २५५. बरोबर मधला, म्हणजे पाचवा, घ्या. तो १२१ आहे. डाग नाहीसा! संख्याशास्त्राच्या धड्यात तुम्ही मध्यक शिकता तो हाच. परीक्षेत तीन गुणांचा वाटणारा मध्यक लाखो जुन्या फोटोंची धूळ झाडतो आहे.

मोती की डाग?

पण थांबा. लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. पणजीच्या नाकाजवळचा तो पांढरा ठिपका. मध्यकाने तो पुसून टाकला, आणि नंतर आजीने फोटो पाहून विचारले, "अगं, माझ्या आईची नथ कुठे गेली?" तर? गणिताच्या दृष्टीने मोती आणि डाग यांत फरक नाही. दोन्ही २५५ आहेत. फरक कळतो तो ज्याने ती नथ पाहिली आहे, किंवा नथीत मोती कुठे असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला. डायमेकरने हा फोटो पाहिला तर तो भिंगातून पाहून सांगेल, की ठिपक्याखाली फाशाची तार दिसते आहे, तेव्हा हा मोतीच.

अलीकडे संगणकाचे असे प्रोग्रॅम आले आहेत की जे लाखो चेहरे पाहून शिकलेले असतात. फोटोचा फाटलेला भाग ते भरून देतात, धूसर डोळे स्वच्छ करतात, काळ्या-पांढऱ्या लुगड्याला रंगही देतात. निकाल पाहून आपण थक्क होतो. पण विचार करा. गेलेल्या भागाची माहिती कागदावर नव्हतीच. मग प्रोग्रॅमने ती आणली कुठून? दुसऱ्या लाखो चेहऱ्यांवरून. म्हणजे तो अंदाज आहे. जो डोळा भरून निघाला तो बहुधा कुणाचाही डोळा असेल, तुमच्या पणजीचाच असेल असे नाही. रंगाचेही तेच. एकच करडी छटा हिरव्याचीही असू शकते आणि तांबड्याचीही. शिवाय पूर्वीच्या कित्येक फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यांवर लाल कुंकू काळे दिसे. लुगड्याचा रंग आजीला विचारावा हेच उत्तम, आणि तो आत्ताच विचारावा.

घरच्या फोटोत एवढे काटेकोर कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुन्हा वाढवणलाच मिळते. इथल्या किनाऱ्यावर मोठे बंदर उभारण्याच्या योजनेला १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च सुमारे ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तिची पायाभरणी झाली. त्याआधी १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला होता, आणि २०२३ साली त्याच प्राधिकरणाने नव्या योजनेला अटींवर परवानगी दिली. मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकर यांनी अनेक वर्षे विरोध केला आहे, तर रोजगार आणि व्यापार वाढेल असे सरकारचे म्हणणे आहे. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी : किनारा बदलला की आधी तो कसा होता याची साक्ष घराघरांतल्या फोटोंतच उरते. लग्नाच्या फोटोत मागे दिसणारे खडक, सहलीच्या फोटोतली भरतीची रेघ, होडीशेजारी वाळत घातलेले मासे. अशा फोटोत प्रोग्रॅमने आपल्या मनाने एखादा खडक भरला किंवा पुसला, तर साक्षीदारच खोटा ठरेल. दागिन्याचा फोटोही असाच. त्यावरून उद्या एखादा कारागीर विस्मरणात गेलेली नक्षी पुन्हा पोलादावर कोरील. त्याला खरी नक्षी मिळायला हवी.

तुम्ही काय कराल?

शाळेत चार-पाच जण मिळून एक प्रकल्प हाती घ्या. शिक्षकांनीही मदत करावी. प्रत्येकाने घरातला एक जुना फोटो आणायचा, घरच्यांना विचारून. स्कॅनर असेल तर छान, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही चालेल. फोटो सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात घ्या, ऊन आणि फ्लॅश टाळा, कॅमेरा फोटोच्या बरोबर वर आडवा धरा. मग पुढील चार नियम पाळा.

१. मूळ फोटोला गोंद, पाणी, पेन लावू नका. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा.
२. पहिली प्रत जशी आली तशीच जपून ठेवा. दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने ठेवा.
३. काय बदलले ते वहीत लिहा : कुठली रेघ भरली, कुठला ठिपका काढला, कुठे फक्त अंदाज केला.
४. फोटोतली माणसे, जागा, अंदाजे साल, अंगावरचे दागिने यांची माहिती घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहा.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ती माहिती कोणत्याही स्कॅनरला वाचता येत नाही. आणि तो माणूस कायमचा आपल्यात असणार नाही.

ज्यांच्या गावात सोनार, कुंभार, बुरूड, विणकर किंवा डायमेकर आहेत, त्यांनी आणखी एक काम करावे. त्या कारागिराकडे जाऊन, त्याची परवानगी घेऊन, त्याच्या हत्यारांचे फोटो घ्या आणि प्रत्येक हत्याराचे नाव त्याच्याच तोंडून ऐकून लिहा. पुस्तकातला शब्द लिहू नका, तो म्हणतो तो शब्द लिहा. हत्यार कसे धरतात, कशाला वापरतात, शिकायला किती वर्षे लागली, हेही विचारा.

आणि हो, पणजीच्या नाकाजवळचा तो ठिपका. पुसण्याच्या आधी आजीला एकदा दाखवा.